गोठ्याची नोंद आणि संचालकांची मुदत

सहकारी संस्थेची निवडणूक भंडारा जिल्ह्यात कधीच त्या संस्थेपुरती राहत नाही. जिल्हा बँक असो की दूध संघ, कोणाचे पॅनेल आले, अध्यक्षपद कोणत्या तालुक्याकडे गेले, उपाध्यक्षाच्या नावावर कोणी कोणाशी जुळवून घेतले, याची चर्चा तुमसरपासून लाखांदूरपर्यंत होते. ती होणे योग्यही आहे, कारण या संस्थांत शेतकऱ्याचा पैसा आणि घाम गुंतलेला असतो. पण जनावरांशी संबंधित संस्थेत नवे संचालक मंडळ आले की एक प्रश्न हमखास मागे पडतो. पुढच्या पिढीतली गाय-म्हैस कशी असावी हे मंडळ ठरवणार आहे का, आणि ठरवणार असेल तर कशाच्या आधारावर? दुधाचा दर बिलावर दिसतो, ढेपेच्या पोत्याची किंमत दुकानात कळते. वळूची निवड बरोबर ठरली की चुकली हे कळेपर्यंत मात्र ती करणारे संचालक बहुधा खुर्चीवर नसतात. आपल्याकडच्या पशुपैदास संस्थांच्या दुबळेपणाचे मूळ मला इथे दिसते. माणसे चुकीची निवडली जातात ही तक्रार खरी असली तरी अपुरी आहे. नेतृत्वाची मुदत आणि जनावराची पिढी यांची सांगड घालणारी व्यवस्थाच आपण उभी केलेली नाही. त्या व्यवस्थेचा पाया म्हणजे संस्थेच्या मालकीची, कोणत्याही पॅनेलच्या हाती न अडकणारी जनावरांची नोंद.

हिशेब साधा आहे. आज एका गाईला नव्या वळूचे रेतन केले आणि ती पहिल्याच खेपेला गाभण राहिली, तर नऊ महिने आणि वर काही दिवसांनी वासरू जन्मते. म्हशीला दहा महिने उलटून जातात. जन्मलेल्यांत साधारण निम्मे गोऱ्हे. उरलेल्यांपैकी संकरित कालवड चांगला सांभाळ मिळाला तर अडीच-तीन वर्षांची असताना विते, गावठी कालवडीला चार वर्षे सहज लागतात. त्यानंतर ३०५ दिवसांचे पहिले वेत मोजून झाल्याशिवाय तिच्या दुधाविषयी खात्रीने बोलता येत नाही. म्हणजे संकरित जनावरात साडेचार वर्षे आणि देशीत सहाच्या आसपास. हाही झाला एका लेकीचा हिशेब. एकीवरून वळूची पारख होत नाही. निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या चाऱ्यावर वाढलेल्या पन्नासेक लेकींची मोजणी हाती आली, की मग गुण वळूचा किती आणि गोठ्याचा किती हे वेगळे काढता येते. इकडे सहकार कायद्यात संचालक मंडळाची मुदत आहे पाच वर्षांची. अगदी पहिल्या सभेत वळू निवडला तरी त्याचा निकाल मुदत संपता संपता येणार, आणि देशी जनावरात तर पुढच्याच मंडळाच्या काळात. शिवाय गोठीत रेतामुळे एका वळूच्या वर्षाकाठी हजारो मात्रा तयार होतात. पूर्वी गावच्या वळूत खोट असली तर ती गावापुरती राही. आता तीच खोट नळकांड्यांतून तालुकाभर पोहोचते, आणि लक्षात येईपर्यंत दुसरी पिढी जन्माला आलेली असते.

हे निर्णय सध्या घेते कोण? राज्यात या कामाचा मुख्य भार महाराष्ट्र पशुधन विकास मंडळावर आहे. हे मंडळ २००२ मध्ये अकोल्यात स्थापन झाले, पुढे त्याचे मुख्यालय नागपूरला नेण्याच्या निर्णयावरून वादही झाला. पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील गोठीत रेत प्रयोगशाळांतून निघणाऱ्या मात्रा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपर्यंत पोहोचतात. शेळ्या-मेंढ्यांसाठी १९७८ पासून वेगळे महामंडळ आहे, आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालते. बायफसारखी स्वयंसेवी संस्था मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू केली, तिचे रेतनाचे काम अनेक राज्यांत पसरले. जिल्हा पातळीवर दूध संघ आहेत. त्यांचा खरा धंदा दूध गोळा करणे आणि विकणे, पैदास ही त्यांच्या लेखी जोडसेवा. देवणी, डांगी, खिल्लार अशा जातींच्या भागांत पशुपालकांच्या छोट्या संघटना आहेत, पण त्यांच्याकडे ना स्वतःची प्रयोगशाळा ना नोंदी ठेवणारा पगारी माणूस. या यादीकडे नीट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. बायफसारखा अपवाद सोडला तर ज्यांच्या हाती वळू आणि रेत आहे त्या मंडळांचे कारभारी शासन नेमते, आणि ज्यांचे कारभारी शेतकरी निवडून देतात त्या संस्थांच्या हाती वळू नाही. भंडाऱ्यातला मतदार दूध संघाच्या अध्यक्षाला दराचा जाब विचारू शकतो. आपल्या गाईला कोणत्या वळूचे रेत आले, त्याच्या आईचे दूध किती होते, त्याच्या आधीच्या लेकी कशा निघाल्या, हे विचारायला त्याच्यापाशी दारच नाही.

यावर अनेकदा सुचवला जाणारा उपाय म्हणजे निवडणुकाच नकोत, तज्ज्ञांच्या हाती कारभार द्या. त्याला आधार देणारी उदाहरणेही आहेत. महानंद या नावाने राज्याला परिचित असलेला सहकारी दूध महासंघ आर्थिक अडचणीत सापडला आणि २०२४ मध्ये त्याचे व्यवस्थापन आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेले. बुडत्या संस्थेला बाहेरून व्यावसायिक हात मिळणे समजण्यासारखे आहे. पण नेमलेला कारभारी म्हणजे सातत्य, हे गृहीतक तपासून घ्यावे लागेल. अधिकाऱ्याची बदली सहसा तीन वर्षांत होते, म्हणजे संचालकाच्या मुदतीपेक्षाही आधी. मंत्री बदलला की महामंडळाचा अध्यक्ष बदलतो, कधी ते पद रिकामेच राहते. पिढीचे गणित तिथेही जुळत नाही. फरक इतकाच की निवडून आलेल्या संचालकाला गावात परत यावे लागते, नेमलेल्याला यावे लागत नाही. म्हणून मला निवडणूक काढून टाकण्यापेक्षा निवडणुकीच्या आवाक्याबाहेर काय ठेवायचे हे ठरवणे अधिक महत्त्वाचे वाटते.

कायद्यात त्यासाठी जागा आहे. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राने आपला १९६० चा सहकारी संस्था अधिनियम २०१३ मध्ये बदलला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या घटनादुरुस्तीचा राज्यांतल्या संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला, तरी राज्याच्या अधिनियमातली मूळ चौकट टिकून आहे. संचालकांची संख्या २१ पर्यंत, महिलांसाठी दोन जागा, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी राखीव जागा, आणि याखेरीज संस्थेच्या कामाशी संबंधित विषयातले दोन तज्ज्ञ संचालक घेण्याची मुभा. ही शेवटची तरतूद पैदासीच्या दृष्टीने सोन्यासारखी आहे. दूध संघाच्या मंडळावर पशुप्रजननशास्त्राचा एक जाणकार बसला तर वळूची वंशावळ वाचणारा एक तरी माणूस सभेत असेल. नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ भंडाऱ्यापासून काही तासांच्याही अंतरावर नाही. तज्ज्ञाच्या जागेवर निवडणुकीत पडलेल्या किंवा तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्याची सोय लावण्याची प्रथा अनेक संस्थांत पडली आहे. नव्या मंडळाने पहिल्या वर्षी या जागा कोणाला दिल्या यावरून त्याची नियत पुष्कळशी समजते. जातीनिहाय पशुपालक संघटना सहकार कायद्याखाली नसतात, त्यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते. तिथे पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि जुन्या-नव्या गटात वाद लागला तर तो रिपोर्ट मंजूर होण्यात वर्षे जातात. तेवढ्या काळात बँक खाते गोठते, दप्तर एकाच्या घरी आणि शिक्का दुसऱ्याच्या घरी. जनावरांची वंशावळ त्या दप्तरात असेल तर तीही अडकते.

नोंद ही संस्थेचा प्राण असते, हे जगाने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले. इंग्लंडमध्ये जॉर्ज कोट्स याने शॉर्टहॉर्न गुरांची वंशावळ १८२२ मध्ये छापून काढली तेव्हा त्या जातीची संघटना अस्तित्वातही नव्हती. आधी वही आली, ती सांभाळायला संस्था पुढे निर्माण झाली. ब्राझीलमधले उदाहरण आपल्याला जास्त जवळचे. आपल्या आंध्रातली ओंगोल गुरे तिकडे नेलोर म्हणून वाढली, गुजरातची गीर तिथे दुधाची मोठी जात झाली, आणि उबेराबा शहरातली झेबू पशुपालकांची संघटना सरकारने सोपवलेल्या अधिकाराने या जातींची अधिकृत वंशावळ ठेवते. त्या संघटनेतही निवडणुका होतात, गट असतात, हार-जीत असते. तरी अध्यक्ष बदलला म्हणून वही बदलत नाही. आपल्याच मातीतली जनावरे समुद्रापलीकडे नोंदीच्या बळावर वाढली आणि इथे नोंदीविना रोडावली, हे वाचताना वाईट वाटते.

पण पशुपालकांच्याच हाती सगळे सोपवले की भले होते असेही नाही, आणि हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. अमेरिकेत १९४० आणि १९५० च्या दशकांत प्रदर्शनांत बुटक्या, गोटीबंद हेरफर्ड आणि अँगस गुरांना बक्षिसे मिळू लागली. बड्या पैदासकारांनी तसेच वळू वापरले आणि काही घराण्यांत खुजी, अपंग वासरे जन्मू लागली. ज्यांच्या कळपात दोष होता त्यांनाच तो दडवण्यात फायदा होता. शौकाने निवड करण्याचा मोह आपल्याकडेही आहे. झाडीपट्टीतला शंकरपट हा बैलांच्या वेगाचा खेळ. २०१४ च्या बंदीनंतर राज्याने कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. शंकरपटाने गोऱ्ह्याला किंमत आली आणि गावात बैल टिकला, हे त्याचे श्रेय मान्यच केले पाहिजे. मात्र पटावर जिंकणारा वळू चिखलात नांगर ओढणाऱ्या बैलाचा किंवा दुधाळ गाईचा बाप म्हणून चांगला असेलच असे नाही. म्हणून ज्याचा वळू निवडीसाठी आला आहे त्या सभासदाने त्या निर्णयाच्या वेळी सभेबाहेर बसावे, एवढा साधा नियम पोटनियमात हवा, आणि वळूतल्या दोषाची माहिती दडवणे हा सभासदत्व जाण्याइतका गंभीर गुन्हा ठरायला हवा.

आता भंडाऱ्याकडे वळू. इथे पैदास संघटना कशाच्या बळावर उभी राहणार, आपल्या जिल्ह्याची म्हणावी अशी जात तरी कुठे आहे, असे विचारले जाते. नकाशा समोर ठेवला की या प्रश्नाचे स्वरूप बदलते. पश्चिमेला आणि उत्तरेला, वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंत गवळाऊ जातीचा मुलूख. तिच्यासाठी वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला शासनाचे प्रक्षेत्र आहे. पूर्वेला आणि दक्षिणेला गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात कठाणी. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने कठाणीला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, वऱ्हाडातल्या पूर्णाथडी म्हशीबरोबरच. धानाच्या बांधीतल्या चिखलात न थकणारा, तणसावर आणि जंगलातल्या चराईवर निभावणारा लहान चणीचा बैल ही कठाणीची ओळख. भंडारा या दोन मुलुखांच्या मधोमध आहे, आणि गोंदिया तर १९९९ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होता. लाखांदूरची गुरे वडसा-ब्रह्मपुरीच्या गुरांपेक्षा निराळी असायचे काही कारण नाही, तुमसरची गुरे बालाघाटच्या बाजारात जातच असतात. कागदावर मात्र ही जनावरे गावठी किंवा अवर्णित या रकान्यात पडतात, आणि ज्याला नाव नाही त्याच्यासाठी वळूही राखला जात नाही. मग दवाखान्यात जी मात्रा उपलब्ध असेल ती भरली जाते. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या जिल्ह्यात होल्स्टिनचे रक्त किती ठेवायचे, जर्सीचे किती, देशीत देशीच कुठे ठेवायचे, हा विचार तालुक्यागणिक व्हायला हवा. तो करायला जिल्ह्यात निवडून आलेले कोणतेही व्यासपीठ नाही.

देशी बैलाचे भवितव्य सोपे नाही, हेही मान्य करायला हवे. चिखलणी ट्रॅक्टरने होऊ लागली. २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता, तो २०१९ मध्ये १ कोटी ४० लाखांवर आला. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून कामाला न येणाऱ्या नराचा भार पूर्णपणे पाळणाऱ्यावर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने देशी गाईला राज्यमाता-गोमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांतल्या देशी गाईंसाठी रोजचे अनुदान जाहीर केले. हे अनुदान गोशाळेतल्या गाईला. बांधावर गाय राखणाऱ्याच्या हाती त्यातून काही येत नाही, आणि गोशाळेत जात सुधारत नाही, फक्त जनावर जगते. जगणेही मोलाचे आहे, पण पैदास हे वेगळे काम आहे.

हे काम ज्यांना कळते त्यांच्यापैकी बरेच लोक मंडळावर कधी पोहोचतच नाहीत. आखरावर गावाची गुरे गोळा करून रानात नेणारा गोवारी समाज पूर्व विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या आहे. दिवाळीतले गायगोधन त्याच्याशिवाय होत नाही. कोणती गाय कोणत्या वळूला लागली, कोणती दरवर्षी विते, कोणती आजारी पडत नाही, हे गायक्याला, म्हणजे या गुराख्याला, तोंडपाठ असते, कारण शंभर गुरे तो रोज एकत्र पाहतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात मोर्चात चेंगराचेंगरी होऊन या समाजातल्या ११४ माणसांचा जीव गेला, तेव्हा महाराष्ट्राला त्याचे नाव ठळकपणे कळले. त्याच्या अंगच्या पशुज्ञानाची दखल मात्र कोणत्याही पशुधन मंडळाने घेतलेली दिसत नाही. त्याच्याकडे स्वतःची दुभती जनावरे कमी, म्हणून दूध संस्थेचे सभासदत्व नाही. सभासदत्व नाही म्हणून मतही नाही. स्त्रियांचे निराळे. शेण काढण्यापासून माज ओळखण्यापर्यंत सगळे त्या करतात, दुधाचे खाते बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. दोन राखीव जागांवर येणाऱ्या महिला संचालकांना उपसमित्यांत खरे काम मिळाले, विशेषतः नोंदीच्या समितीत, तर राखीव जागेचा अर्थ बदलेल.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की दोन गाई राखणाऱ्याला आज लिटरमागे दोन रुपये जास्त हवेत, सहा वर्षांनंतरची कालवड नको. त्याचे म्हणणे चूक नाही. दराशिवाय गोठा चालत नाही आणि वेळेवर पैसे न देणाऱ्या संघाने पैदासीवर भाषण करू नये. पण लिटरचा खर्च कमी करण्याचा टिकाऊ मार्ग गाईच्या कुवतीतूनच जातो. शिवाय नोंदीचा फायदा सहा वर्षे थांबत नाही. दोन वेतांतले अंतर, किती रेतनांत गाय गाभण राहते, कालवड कोणत्या वयात विते, हे कागदावर असलेली गाय बाजारात जास्त भावाने विकली जाते, तिचा विमा आणि कर्जही सुकर होते. जून २०२४ पासून कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीवर राज्याने निर्बंध आणले, आणि भारत पशुधन प्रणालीत जनावराची नोंद होऊ लागली. म्हणजे अर्धे काम शासनाने केलेच आहे. बिल्ल्याच्या क्रमांकामागे दूध, वेत आणि बापाचे नाव भरणे हे उरलेले अर्धे काम आहे, आणि ते गावच्या दूध संस्थेचा सचिव जितक्या सहज करू शकतो तितके दुसरे कोणी करू शकत नाही, कारण मोजलेले दूध रोज त्याच्यासमोर येते.

नव्या तंत्राने हे सारे कालबाह्य केले, असाही युक्तिवाद होतो. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वाशीममध्ये गाई-म्हशींच्या जनुकीय तपासणीसाठीच्या गौचिप आणि महिषचिपचे लोकार्पण केले. रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून वासराची कुवत अजमावता आली तर लेकींची वाट पाहायची गरज उरणार नाही, आणि पाच वर्षांच्या मुदतीची अडचण आपोआप सुटेल, अशी ही आशा आहे. ती निम्मी खरी आहे. चिपवरचा अंदाज उभा राहतो तो हजारो मोजलेल्या जनावरांच्या तुलनेवर. ज्या भागातल्या, ज्या जातीच्या जनावरांचे दूध आणि वेत कोणी मोजलेच नाही, त्यांच्यासाठी ती कमी बोलते किंवा चुकीचे बोलते. कठाणीच्या किंवा भंडाऱ्यातल्या संकरित गाईंच्या नोंदी त्या संचात गेल्या नाहीत, तर आपल्या गोठ्यांसाठी हरियाणा-गुजरातच्या जनावरांवरून काढलेले अंदाज वापरावे लागतील. लिंगनिश्चित रेताचेही तसेच. नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडी मिळतील, पण बाप निवडण्यात चूक झाली असेल तर त्याच चुकीच्या कालवडी जास्त मिळतील. २०२३ च्या गोजातीय प्रजनन नियमन कायद्याने वळूंची आणि रेत पुरवणाऱ्यांची नोंदणी बंधनकारक करण्याचा मार्ग खुला केला, ही चांगली गोष्ट. त्या कायद्याखालच्या यंत्रणेत जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या पशुपालकांचे म्हणणे कुठे आणि कसे ऐकले जाईल, याचा आग्रह दूध संघांनी धरला पाहिजे.

मग पाच वर्षांसाठी आलेल्या मंडळाची परीक्षा कशावर करायची? वळूच्या अंतिम निकालावर करता येत नाही, पण बरेच काही मुदतीच्या आतच दिसते. रेतनानंतर गाभण राहण्याचे प्रमाण दोन वर्षांत वाढले की नाही, कालवडीचे पहिले विण्याचे वय खाली आले का, किती गोठ्यांत महिन्यातून एकदा तरी दूध मोजून लिहिले जाते, एकाच वळूचे रेत त्याच्याच लेकींना जाऊ नये याची काळजी कोणी घेते का, हे आकडे दरवर्षी छापता येतात. वळू निवडणारी समिती संचालकांबरोबर एकाच दिवशी बदलू नये. तिचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी बदलावेत, म्हणजे निवडणुकीच्या वर्षीही समितीत जुने निर्णय आठवणारी माणसे राहतील. मावळत्या मंडळाने येणाऱ्या मंडळाला हिशेबाच्या ताळेबंदासारखाच जनावरांचा ताळेबंद सहीनिशी द्यावा: कोणत्या वळूच्या किती मात्रा दिल्या, किती लेकी जन्मल्या, किती मोजणीत आहेत, कोणत्या वळूबद्दल तक्रार आली. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पोटनियमाची दुरुस्ती मांडता येते आणि निबंधकांच्या मंजुरीने ती लागू होते. ती मांडायला अध्यक्ष लागत नाही. नियमानुसार मुदतीत लेखी सूचना देणाऱ्या सभासद संस्थेचा प्रतिनिधीही ती मांडू शकतो.